सबब

शिवाजीनगर कोर्टाबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली,
एकोणीस वर्षं मी लोकांच्या गोष्टी टाइप केल्या.
पानाला बारा रुपये, कार्बन प्रतीसकट.

माणसं गोष्ट कुठूनही सुरू करतात.
खडकीची कमल कुदळे म्हणाली,
कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरी होईना,
म्हणून मी गॅसकडे वळले
आणि मागनं दिरानं केस धरले.
मी टाइप केलं :
अर्जदार स्वयंपाकघरात असताना सामनेवाला क्र. २ याने.
शिट्ट्या गाळल्या.
कोर्टाला शिट्ट्यांचं काय करायचंय?
ती मात्र कागद हातात घेऊन विचारत राहिली,
ताई, माझं ह्यात कुठाय?

शेजारच्या टेबलाला फुलसुंदर अण्णा,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
सामनेवाल्यांचं म्हणणं आलं तेव्हा मी म्हटलं,
चोख लिहिलंय हो, बोट ठेवायला जागा नाही.
मग बोट फिरवून बघ, अण्णा म्हणाले.
चोख पान दोनदा वाचायचं.
एकदा, ते काय सांगतंय ते.
आणि पुन्हा, ते कुणाकडे जेवून आलंय ते.

परिच्छेद सहा. सासूबाई.
सकाळी अकराच्या सुमारास मी चटणी वाटत होते,
मिक्सर चालू असल्याने सुनेची हाक ऐकू आली नाही,
सबब मला काहीएक माहीत नाही.

अण्णांनी ड्रॉवरमधून जुनं कॅलेंडर काढलं.
चौदा तारीख. गुरुवार.
आमच्या पुण्यात, गुरुवारी, सकाळी अकराला, मिक्सर!
मला हसू फुटलं, चहावाल्यालाही.
अण्णा नाही हसले.
म्हणाले, खोटं सापडलं, ते वकील बघेल.
तू हे वाच, की म्हातारीला मिक्सर लागला कशाला.
ऐकू आलं असतं, तर उठावं लागलं असतं.

मग सवयच जडली.
पेपरातली बातमी, सोसायटीची नोटीस,
निधनवार्तेतलं ‘अल्पशा आजाराने’,
कुठे घरघर ऐकू येते का, बघायचं.

मशिनं गेली, अण्णा गेले,
ताडपत्रीखाली आता झेरॉक्स आहे.
गेल्या महिन्यात दापोडीच्या खोलीत
शंभर पानी वही उघडली, म्हटलं आपली एक लिहू.
ससूनमधली वडिलांची शेवटची रात्र.
पहिलंच वाक्य उतरलं : सदर इसम हे माझे वडील असून.
खोडलं. बराच वेळ एकटीच हसले.
मग लिहीत गेले, दोन पानं, सरळ, स्वच्छ,
वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं अशी.
शेवटची बस चुकली असती,
सबब मला निघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी वही पुन्हा वाचली.
चोख होती.
बोट फिरवलं.

वॉर्डातल्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.
दापोडीची शेवटची बस साडेअकराला.
ते मला माहीत होतं. रोज त्याच बसनं यायचे मी.
एकोणीस वर्षं पानापानावर हा शब्द बडवला,
सबब, सबब, सबब,
कोर्टात त्याचा अर्थ ‘म्हणून’,
आणि घरी काय होतो, ते आई लहानपणीच ओरडून सांगायची.

दोन्ही पानं फाडली नाहीत. राहू देत.
खाली थोडी जागा सोडून लिहिलं :

बस होती.
वडिलांनी माझ्या पिशवीचा बंद धरला होता,
तोंडानं काही बोलले नाहीत.
बोटं फार घट्ट नव्हती.
करंगळीपासून एकेक सोडवली.
बाजूच्या खाटेवर कुणीतरी संत्रं सोलत होतं.

इथे थांबलेय.
संत्र्याचं काय काम, माहीत नाही.
यावेळी गाळलं नाही.